एकवीस हात आणि एक वीत

कुणाला तोंडावर नाही म्हणायला मला उभ्या जन्मात जमलेलं नाही. लोक ह्याला माझा चांगुलपणा समजतात. हपिसात माझा लौकिकच तसा होता. कुणाचा अर्ज नामंजूर करायचा असला की साहेब ते काम माझ्याकडे ढकलत, आणि तो माणूस माझेच आभार मानून जिना उतरे. ह्या गुणाचं मला पुष्कळ वर्षं कौतुक होतं. खरं म्हणजे तो गुण नव्हेच. तो भित्रेपणा आहे; साखरेत घोळवला की सभ्यपणासारखा दिसतो, इतकंच. हे मला कसं कळलं ते आज लिहायला बसलो आहे. लिहिताना लाज वाटते, पण इतकी वर्षं न लिहिण्यातही काही शहाणपण नव्हतं.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही अंधेरीला राहत होतो. स्टेशन मागे टाकून दहा मिनिटं चाललं की तेव्हा भातखाचरं लागायची. आमच्या चाळीमागे असंच एक खाचर बुजवून सपाट केलेला तुकडा होता. जागा एका निवृत्त हेडमास्तरांची. पुढेमागे तिथे बंगला बांधायचा त्यांचा बेत होता, तोवर तरुणांनी व्यायाम करावा म्हणून ती त्यांनी आम्हाला वापरायला दिली. आम्ही दहा-बाराजण होतो. कुणी माझ्यासारखे नवे कारकून, कुणी कॉलेजात, दोघे नोकरीच्या शोधात. हुतुतूत शर्ट फाटतात म्हणून घरचे ओरडत, क्रिकेटला जागा पुरेना, म्हणून व्हॉलीबॉल ठरला.

वखारीतून सागाचे दोन वासे आणले, वाळवी लागू नये म्हणून बुडाला डांबर फासलं आणि कमरेइतके खोल खड्डे खणून ते पुरले. खांब झकास उभे राहिले. पण जाळ्याचा पत्ता नाही. पंधरा दिवसांत चाळीतल्या बायकांनी खांबांना दोरी बांधून त्यावर गोधड्या वाळत घातल्या.

जाळं निवडायचं काम माझ्याकडे आलं. धोबीतलावाला जाऊन मी खेळाच्या दुकानातलं जाळं पाहून आलो. पांढरंशुभ्र, वरच्या काठाला कापडी पट्टी. दुकानदाराचं लक्ष नाही असं बघून मी एक गाठ नखाने ढकलली, तर ती सरकली. जाळ्याची गाठ सरकली की घर, म्हणजे दोऱ्यांमधलं भोक, मोठं होतं, आणि एक घर मोठं झालं की शेजारचं ओढलं जातं, एवढं मला पाहूनही कळलं. परत येऊन मी सगळ्यांना ऐकवलं, "अरे, वेसाव्याचा कोळीवाडा हाकेच्या अंतरावर आहे. जन्मभर जाळी विणणारी माणसं तिथे बसलीत, आणि आपण कसले धोबीतलावाला जातोय!" सगळ्यांना पटलं. मलाही माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

वेसाव्याला कुणीतरी मला एका म्हातारबाबांच्या घराची वाट दाखवली. ते एकेकाळी होडीवरचे तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते, आता समुद्रावर जात नसत. घरापुढच्या ओट्यावर बसून आख्ख्या आळीची जाळी विणत आणि दुरुस्त करत. उघडं अंग, खांद्यावर एक फडकं, हातात बांबूची चपटी सुई. मी म्हटलं, जाळं हवंय. त्यांनी मान वर न करता विचारलं,

"कंच्या मासलीला?"

मी म्हटलं, मासळीला नाही, खेळायला. मग दोन्ही हात उंच करून चेंडू कसा मारायचा ते त्यांना उड्या मारून दाखवलं. आजूबाजूच्या ओट्यांवरच्या बायका खो खो हसायला लागल्या. त्यांची सून मासळीची पाटी घासत होती, ती पदर तोंडाला लावून आत पळाली. बाबांनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे जाल्यात अरकलं तर हरलं?"

"हो."

"साठ वरसं जाली विनली," ते म्हणाले, "पन काय धरायचंच नाय असं जालं कुनी मागलं नवतं."

आणि मग तेही हसले. काम त्यांना आवडलं होतं.

मी बहिणीच्या शिवणाच्या डब्यातली मापाची फीत खिशात घालून नेली होती. जाळं बत्तीस फूट लांब, तीन फूट रुंद, घर चार इंचांचं. घरासाठी त्यांनी माझ्या फितीवरून बांबूची एक नवी पट्टी तासून घेतली, कारण चार इंचांची त्यांच्याकडे नव्हती. लांबीसाठी मात्र त्यांना फीत लागत नव्हती. त्यांचा हात, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, हेच आळीचं माप. नव्या होडीचा दोर असो की जाळं, माणसं त्यांच्या हाताने मोजून घेत. मी उगीच शंका काढली. त्यांनी हात पुढे केला. "लाव तुजी फीत." मी लावली. बरोबर अठरा इंच, दोऱ्याचाही फरक नाही. मी हिशेब करून म्हटलं, मग एकवीस हात आणि वर एक वीत; दोन-तीन इंच जास्त झाले तरी चालतील.

"येकवीस हात, येक ईत," ते म्हणाले. कागदावर काही लिहिलं नाही.

गणपती बुडाले, पाऊस ओसरला, आणि एका रविवारी सकाळी बाबा सुनेला घेऊन बसने अंधेरीला आले. तिच्या पाटीत जाळं. सुताचं, पण ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढलेलं, म्हणून रंग तांबूस काळपट. पाण्यात कुजू नये म्हणून त्यांची जाळी तशीच करायची पद्धत. आपण विणलेलं जाळं पहिल्यांदा आपणच बांधायचं, असा त्यांचा नेम होता.

आम्ही नुसते बघत राहिलो. वरच्या ओळीच्या एकेका घरातून त्यांनी दोर ओवून घेतला. आठ फुटांच्या खुणेवर तो खांबाला बांधला, खालचा दोर वेगळा बांधला, आणि गाठ अशी मारली की टोक एकदा ओढलं की सुटावी, एरवी हत्तीने ओढलं तरी हलू नये. तरी मध्यभागी जाळ्याने पोट सोडलंच. आमच्यातला एकजण म्हणाला, आता अजून खेचायला पाहिजे. बाबांनी मान हलवली आणि बादलीभर पाणी मागितलं. ओंजळीने ते दोरावर मारलं. दहा मिनिटांत दोर आखडला आणि जाळ्याची वरची कड या खांबापासून त्या खांबापर्यंत पट्टी लावल्यासारखी सरळ झाली.

"सुकला की ढिला, भिजला की ताठ," ते म्हणाले. "खेलायच्या आगोदर पानी मारायचं. खेल संपला की गाठ सोरायची."

मग ते कडेला बसून आमचा खेळ बघू लागले. चेंडू पलीकडे गेला की म्हणायचे, "गेला मासा!" जाळ्याला लागला की, "अरकला!" अर्ध्या तासात आम्हीही तेच ओरडायला लागलो. निघताना त्यांनी विचारलं, मैदानाचं उद्घाटन कधी? मी म्हटलं, दसऱ्याला. ते म्हणाले, दसऱ्याला मी येणार, त्या दिवशीही जाळं मीच बांधणार. मी लगेच म्हटलं, "या बाबा, तुमच्याशिवाय आमचा नारळ फुटायचा नाही." असलं बोलायला मला कधीच कष्ट पडत नसत.

पुढचे पंधरा दिवस आम्ही रोज संध्याकाळी खेळलो. जाळं एका घरानेही हललं नाही. उन्हात त्याला थोडा वास यायचा, सालीचा आणि खाऱ्या वाऱ्याचा. आम्हाला तो जाणवेनासा झाला होता. मग पार्ल्याची एक टीम आमच्याशी सरावाला आली. त्यांच्यातल्या एकाने जाळ्याजवळ जाऊन नाक धरलं आणि म्हणाला, "काय रे, खेळून झालं की बोंबील वाळत घालता काय यावर?"

सगळे हसले. सगळ्यांत आधी मी हसलो. हे मला नीट आठवतं, कारण हसू तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मी आजूबाजूला पाहत होतो, बाकीचे हसतात की नाही. त्या दिवसापासून ‘गेला मासा’ कुणी म्हणालं नाही. आमच्या चाळीत रविवारी प्रत्येक घरात मासे तळले जात. वेसाव्याच्या बायका दारात आल्या की आमच्याच आया त्यांची पाटी उतरवून घ्यायला पुढे धावत. मासे आम्हाला चालायचे. मासे धरणाऱ्याचं जाळं चारचौघांत चालेना.

दोन दिवसांनी हेडमास्तरांनी मला बोलावलं. त्यांनाही नाही म्हणायला जमत नसे, फक्त त्यांची भाषा जास्त शुद्ध होती. "जाळं उत्तम आहे हो, त्याबद्दल वाद नाही," ते म्हणाले. "पण दसऱ्याला चार प्रतिष्ठित मंडळी येणार. वास येतो थोडासा. आणि तो कोळी स्वतः बांधायला येणार म्हणे? उघड्या अंगाने?" मग त्यांनी कोपऱ्यातलं पुडकं उघडलं. तेच धोबीतलावाचं जाळं, पांढरंशुभ्र. त्यांच्या जावयाने भेट दिलं होतं. "त्या म्हाताऱ्याला तूच काय ते समजावून सांग. तुझ्या जिभेवर साखर आहे."

आमच्यातला एकजण, तो अजून नोकरी शोधत होता, त्या संध्याकाळी मला म्हणाला, "सरळ सांग ना यार त्यांना. म्हणावं, आमच्या लोकांना लाज वाटते. मूर्ख आम्ही आहोत, जाळं चांगलं आहे."

"त्यांना वाईट वाटेल रे," मी म्हटलं.

जाळं त्यानेच सोडून, घडी करून माझ्या हातात दिलं.

वेसाव्याला जाईपर्यंत मी वाक्यं जुळवत होतो. कुणाला दुखवायचं नाही, हेडमास्तरांचं नाव येऊ द्यायचं नाही, वासाचा विषय तर काढायचाच नाही. दोष नियमांवर ढकलायचा. नियमांचा राग कुणाला येत नाही, हे मी हपिसात शिकलो होतो. ओट्यावर बसून मी घरच्यांची चौकशी केली, सुनेने दिलेला चहा प्यायलो आणि म्हटलं, "बाबा, जाळं अगदी अप्रतिम झालंय. पण काय झालं, त्या खेळाचे नियम फार कडक असतात. मोजणारे आले होते. जाळं हातभर आखूड भरलं. त्यांनी ते नापास केलं."

आखूड का म्हणालो, ते मला आजही सांगता येत नाही. रंग म्हणू शकलो असतो, सुताची जाडी म्हणू शकलो असतो. तोंडात पहिलं आलं ते बोललो.

बाबांनी हातातली सुई खाली ठेवली. मी आणलेलं जाळं उलगडलं, ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं आणि हाताने मोजायला लागले. एक, दोन, तीन. मीही मनात मोजत होतो. एकवीस हात झाले आणि वर एक वीत. त्यांनी परत मोजलं, दुसऱ्या टोकाकडून. एकवीस हात, एक वीत. मग ते आपल्या हाताकडे बघत बसले. हात उलटा केला, सुलटा केला, बोटं ताणून पाहिली.

"ती तुजी फीत हाय का रं?" त्यांनी विचारलं.

फीत माझ्या खिशात होती. माझा हात वरून तिच्यावरच होता.

"नाही बाबा," मी म्हटलं. "घरी राहिली."

"मंग हातच आकरला," ते हळू आवाजात म्हणाले. "म्हातारपनी दोरासारखा आकरतो मानूस." सून उंबऱ्यात उभी होती. तिच्याकडे वळून ते म्हणाले, "या वरसात किती जनांना मोजून दिलं गं मी?"

तेव्हा बोलायला हवं होतं. फीत काढून त्यांच्या हाताला लावायची, इतकंच होतं. पण मग मी खोटं का बोललो ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायचं नाही म्हणून तर मी इतक्या लांब आलो होतो. मी म्हटलं, "वय झालं की व्हायचंच बाबा, मनावर घेऊ नका." वर त्यांच्या पाया पडलो. त्यांनी मला आशीर्वाद दिला.

दसऱ्याला हेडमास्तरांनी व्यायामावर भाषण केलं, नारळ फुटला, आपट्याची पानं वाटली. पांढऱ्या जाळ्याने पहिल्याच खेळात मधोमध पोट सोडलं. कुणीतरी पाणी मारायला बादली आणली, पण त्या दोराला पाणी लागून काही फरक पडेना. आमचा तो नोकरी शोधणारा मित्र त्या दिवशी खेळायला आलाच नाही. मी खेळलो, आणि आमची टीम जिंकलीसुद्धा.

थंडीच्या दिवसांत अंधेरीच्या बाजारात कुणीतरी मला हाक मारली. बाबांची सून. पाटीत पापलेटांच्या शेजारी केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी होतं. "कवाची तुला बगते," ती म्हणाली. "सासऱ्यानी दिलंय. हातभर वारवून दिलंय, म्हनले, आता बसंल तुमच्या नेमात. चूक माजी होती, असं सांग म्हनले."

मी विचारलं, बाबा कसे आहेत. ती पाटीवर पाणी शिंपडत म्हणाली की तुझं हे शेवटचं जाळं, त्यानंतर त्यांनी सुई हातात धरली नाही. सुई नि पट्ट्या पुतण्याला देऊन टाकल्या. पण त्याआधी आळीतल्या घराघरांत जाऊन सांगून आले, यंदाचं माझं माप धरू नका, माझा हात खोटा झालाय, परत मोजून घ्या. "कुनाचंच कमी नाय भरलं," ती म्हणाली. "पन ते आयकत नाय. म्हनतात, मन राकायला सांगताय." तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. तिला काही कळलं होतं की नव्हतं, मला सांगता यायचं नाही. मी जाळं घेतलं आणि निघालो. बाजारातून घरापर्यंत मान वर करून चालल्याचं मला आठवत नाही.

घरी दार लावून जाळं मोजलं. तेहेतीस फूट नऊ इंच. जुने एकवीस हात एक वीत तांबूस, आणि शेवटचा हातभर तुकडा पांढरा, अजून काढ्यात न बुडवलेला. त्या तुकड्यातल्या गाठी मी नखाने ढकलून पाहिल्या. एकही सरकली नाही.

पुढच्या रविवारी मी वेसाव्याला गेलो. ह्या खेपेला वाक्यं जुळवली नाहीत. बाबा ओट्यावरच होते, पण हात रिकामे. मी बसलो नाही, चहा नको म्हटलं, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. जाळं आखूड नव्हतं. आमच्या लोकांना वासाची लाज वाटली, तुमच्या येण्याची लाज वाटली. मी पहिला हसलो. मी खोटं बोललो. फीत त्या दिवशी माझ्या खिशात होती. शेजारच्या ओट्यांवरच्या बायका काम थांबवून ऐकू लागल्या.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग ते हसले, पहिल्या दिवशी हसले होते तसेच.

"लय ग्वाड बोलतोस तू," ते म्हणाले. "मानसानं असंच असावं. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हनून सोताला खोटं पारतोस."

"नाही हो बाबा, देवाशपथ खरं सांगतोय."

"रावू दे पोरा."

मी खिशातून फीत काढली. म्हटलं, हात द्या, आत्ता मोजून दाखवतो. अठरा इंच आहे, पहिल्या दिवशी होता तेवढाच आहे. मी फितीची दोन्ही टोकं धरून त्यांच्यापुढे उभा राहिलो. बाबांनी खांद्यावरचं फडकं ओढून उजवा हात त्याखाली झाकून घेतला आणि सुनेला म्हणाले, ह्याला चहा दे. मी पुष्कळ विनवलं. त्यांनी हात बाहेर काढला नाही.